देणाऱ्याची अट

पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेलीं अशुद्धें काढून प्रत सिद्ध केली, आणि यापुढें कोणीं तींत आपली ओवी मिसळूं नये असें शेवटीं बजाविलें. वाचण्यास वा उतरून घेण्यास त्यांनीं मनाई केली नाहीं. मराठवाड्यांतील ही जुनी अट मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा विचार करतांना आम्हांस वारंवार आठवते.

जें सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व वांटण्याची मोकळीक सर्वांस आहे, तें मुक्त. मग मोकळीक देणाऱ्यानें अट घालणें हा वदतोव्याघात नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. समजा, नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्यानें हिशेबाचें सॉफ्टवेअर लिहून रिचर्ड स्टॉलमन यांच्या जी. पी. एल. परवान्याखालीं (पहिली आवृत्ति १९८९ ची) मोकळें केलें, आणि लातूरच्या एखाद्या अडत्यानें तें तुरीच्या व सोयाबीनच्या पट्ट्यांसाठीं सुधारलें. स्वतःच्या पेढीपुरतें वापरलें तर त्याच्यावर कसलेंच बंधन नाहीं. इतरांस विकण्यासही मज्जाव नाहीं. घेणाऱ्यास मात्र सुधारलेला सोर्स कोड त्याच मोकळिकीसह मिळाला पाहिजे. ज्यास वाट मोकळी मिळाली त्यानें मागून येणाऱ्यासाठीं ती अडवूं नये, एवढेंच हें मागणें.

परंतु तोच विद्यार्थी म्हणाला कीं, शेतकऱ्यास नाडणाऱ्या अडत्यानें हें वापरूं नये, तर? हेतु कोणास रुचणार नाहीं? अमेरिकेंतील डग्लस क्रॉकफर्ड यांनीं जेसॉनच्या परवान्यांत, वापर चांगल्यासाठीं करावा, वाईटासाठीं नव्हे, अशी अट घातली. डेबियन प्रकल्पानें तो परवाना मुक्त मानला नाहीं. प्रथमदर्शनीं ही कोती बुद्धि वाटते खरी. पण कोण नाडतो हें ठरवावयाचें कोणीं? लिहिणाऱ्यानें ठरविलें, तर प्रत्येक वापरणारा त्याच्या मर्जीचा बांधलेला झाला. शिवाय ज्यास लबाडी करावयाची आहे तो अट वाचून थांबत नाहीं. थांबतो तो बिचारा पापभीरु दुकानदार! लबाडास आवरण्याचें काम बाजार समितीचें व न्यायालयाचें आहे.

बदल केल्याची नोंद ठेवावी, मूळ कर्त्याचें नांव पुसूं नये, या अटी आम्हांस निर्विवाद न्याय्य वाटतात. देवनागरी फॉन्टांसही लागूं होणारा ओपन फॉन्ट परवाना तर, कर्त्यानें राखून ठेवलेलें नांव बदललेल्या फॉन्टास देऊं नये, असें सांगतो. नाथांची अट याहूनही कडक आहे, आणि ती सॉफ्टवेअरला जशीच्या तशी लावतां येणार नाहीं. ज्ञानेश्वरी पूर्ण झालेली आहे. हिशेबाचें सॉफ्टवेअर २०१७ मध्यें जी. एस. टी. येतांच कोणाला तरी उघडून बदलावेंच लागलें.