आधी नैवेद्य, मग आपलं पान



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६.

इथे भगवंत अर्जुनाला एक चक्र समजावून सांगतात. जीव अन्नावर जगतात, अन्न पावसावर पिकतं, पाऊस यज्ञामुळे पडतो आणि यज्ञ कर्मातून घडतो. जो नुसतं घेतो आणि परत काहीच देत नाही, त्याला बाराव्या श्लोकात भगवंत सरळ चोर म्हणतात. सोळाव्यात तर आणखी कडक. हे चक्र जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणंच व्यर्थ!

यज्ञ म्हटलं की आपल्याला फक्त होमकुंड आठवतं. पण घरातला यज्ञ रोजचाच आहे. आधी नैवेद्य, मग आपलं पान. देवासमोरचं ताट कितीही भरलेलं असलं, तरी 'उगाच पडून आहे' म्हणून त्यातलं कुणी उचलत नाही.

आता हे चक्र प्रत्यक्ष बघायचं असेल तर नवी मुंबईत बघा. थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत ठाणे खाडीत हजारो रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मुक्कामाला असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा चोच उलटी धरून ते त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो. मग थवेच्या थवे नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ पाणथळींवर येऊन उभे राहतात, पुढच्या ओहोटीची वाट बघत. चंद्र, समुद्र, चिखल, शेवाळ, पक्षी, सगळे आपापलं कर्म करतायत. कुणीच अडवून ठेवत नाही.

खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. पण भरतीच्या वेळी उभं राहायच्या या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर. नकाशात बघणाऱ्याला त्या 'रिकाम्या' दिसतात. म्हणूनच नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुलाची योजना आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रोखली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिकडे डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाटच बुजली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडायला लागला. आरडाओरड झाली, लोक रस्त्यावर उतरले. अखेर २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

आयटीतल्या मंडळींना हे लगेच कळेल. स्टँडबाय सर्व्हर वर्षभर काहीच करत नसतो. खर्च कमी करायचा म्हणून कुणीतरी तो बंद करतं. मुख्य सर्व्हर बसला की मग समजतं, तो रिकामा नव्हता, तो सिस्टीमचा अर्धा भाग होता. पाणथळ तशीच. ती बुजवली तर खाडी नुसती कागदावर वाचते. पोट भरायला जागा आहे, पण टेकायला नाही, अशा गावात पाहुणा किती दिवस राहील?

कुणी म्हणेल, माणसांना घरं नकोत का? हवीत ना! गीता जेवू नका असं म्हणत नाही. तेरावा श्लोक म्हणतो, यज्ञातून उरलेलं खा. म्हणजे शहराचा आराखडा करताना आधी या जिवांचं ताट बाजूला काढायचं आणि मग आपलं वाढून घ्यायचं. आपण उलट करतो. आपलं पोट भरल्यावर उरलं तर त्यांना. आणि उरत काहीच नाही.

'देव बघून घेईल, आपण नाम घ्यावं' असंही ऐकू येतं. नाम घ्याच. पण हा अध्याय कर्मयोगाचा आहे. तिन्ही लोकांत मला मिळवायचं काही नाही, तरी मी कर्म करतोच, असं स्वतः भगवंत इथेच पुढे सांगतात. मग आपल्याला सुट्टी कशी?

आजचा संकल्प छोटासाच. तुमच्या भागात तळं, पाणथळ, खारफुटी, देवराई असं काय उरलंय ते शोधा. आराखड्यात तिच्यावर काय दाखवलंय ते बघा. हरकती-सूचना मागवल्या असतील तर दोन ओळी मुदतीत लिहून पाठवा. बघायला गेलात तर लांबूनच बघा, ड्रोन आणि गोंगाट नको. फळ कधी मिळेल, मिळेल की नाही, तो हिशोब त्याच्याकडे.

श्रीकृष्णार्पणमस्तु!