बूड टेकण्यापुरतं

आमच्याकडे माणसाची पत त्याला बसायला काय दिलं यावरून ओळखावी. जावयाला गादी, तलाठ्याला खुर्ची, विम्याच्या एजंटाला ओट्याची कड. पण नुसतं बूड टेकण्यासाठी अख्ख्या जुन्या मोटारीइतके पैसे मोजावेत, हे अहमदपुरात, निदान आमच्या आळीत तरी, प्रथमच घडू पाहत होतं.

घडवणारा माझा पुतण्या. त्याने एक वयस्कर मारुती आठशे पैदा केली आहे. चेन्नईजवळ, कोइमतूरजवळ, नाहीतर ग्रेटर नोएडाला शर्यतीचे ट्रॅक आहेत. तिथे नेऊन ती पिटाळायची, असा संकल्प. (आधी नांदेडपर्यंत जाते का बघ, हे थोरल्या बंधूंचं म्हणणं.) मागचं बाकडं, गालिचा, रेडिओ त्याने उचकटून टाकला. गाडी हलकी झाली, बापाचं काळीज जड झालं.

"काका, एक सेफ अन् स्वस्तातली रेसिंग सीट पाहिजे बगा."

"सेफ की स्वस्त?"

"दोन्ही की!"

घासाघीस हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. भेंडीसुद्धा आम्ही सांगितल्या भावाने घेत नाही. पण स्वतःच्या मणक्याची घासाघीस करावी का? "जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" असं म्हणून मोकळं होता येतं, पण तसं म्हणणाऱ्याकडे बहुधा दोन्ही असतात.

शर्यतीची सीट म्हणजे एकसंध टरफल, फायबरग्लासचं किंवा कार्बनचं. पाठ मागे पाडून डुलकी घ्यायची सोय नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, मान्य केलेल्या मानकाचा तिच्यावर शिक्का लागतो. ८८५५-१९९९ या मानकाची सीट साधारण ५ वर्षांनी बाद होते, ८८६२-२००९ ची १० वर्षांनी. आमच्या आजोबांची आरामखुर्ची अजून बाद झालेली नाही, पण ती कुठे आदळलेलीही नाही.

बाजारात नकलाही मिळतात. तोच आकार, तीच शिवण, चिकटवलेला शिक्कासुद्धा तोच. खरी गोम इथे आहे. तूप वास घेऊन घेता येतं, टरबूज टिचकी मारून. सीट खरी की खोटी हे फक्त एकाच दिवशी कळतं, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक दुकानात परत करायला जाण्याच्या अवस्थेत नसतं. बाकी जन्मभर खोटी सीट खऱ्यासारखीच वागते. मग जिने कुणाचं काहीच बिघडलं नाही, ती फसवणूक म्हणायची का? मी म्हणतो, होय. दुकानदाराने विकला होता निर्धास्तपणा, आणि भेसळ नेमकी त्यातच होती.

बरं, अस्सल सीट घेऊनही भागत नाही. तिला सहा टोकांचा पट्टा लागतो. तो तुम्हाला ताठ जखडून ठेवतो. गाडी उलटून टप आत आलं तर अंग कलतं करता येत नाही. म्हणून आत पोलादी पिंजरा हवा. धड जखडलं की डोकं तेवढं पुढे झेपावतं, म्हणून मानेला आधार हवा. पत्र्यात नुसते बोल्ट ठोकले तर सीट माणसासकट निघते, म्हणून खाली जाड पट्ट्या हव्यात. एकदा सीट घेतली की वऱ्हाडच घरी येतं! उलट कारखान्यातून आलेली सीट आणि पट्टा ही एकमेकांची पत्रिका बघून बसवलेली असतात. हा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलीन यांनी १९५९ साली काढला आणि कंपनीने इतरांनाही तो वापरू दिला. जगात जीव वाचवणारी एक वस्तू तरी घासाघीस न करता मिळाली! तरी आम्ही ती लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींची महागडी गाडी आदळली. पुढचे दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

हे सगळं पुतण्याला सांगत आम्ही नांदेड रस्त्याला उभे होतो. दिवाळी होऊन गेलेली. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर बसून चालली होती. पोरं, कोंबड्या, पत्र्याची पेटी. बसायला गाठोडं, धरायला दुसरं गाठोडं. पुतण्या स्वतःच्या जिवाचा भाव पाडत होता, तो त्याचा शौक. इथे भाव पाडणारा वेगळाच होता, आणि तो ट्रॉलीत बसलेला नव्हता. याला आपण अडाणीपणा म्हणत नाही, परवडत नाही म्हणतो.

"पण काका, मी सीट नाही घेतली म्हणून ह्यांना थोडीच भेटणार आहे?" पुतण्या म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसलो.

वहिनींचा मुद्दा त्याहून बिनतोड निघाला. "जीव तुझा असंल बाबा, पण नऊ महिने मी वागवलाय. माझा हिस्सा किती, ते आधी सांग."

तूर्त मूळची सीट आणि मूळचा पट्टाच ठेवायचं ठरलं आहे. पैसे मोटारशर्यतीच्या चांगल्या हेल्मेटसाठी साठताहेत, आणि उचकटलेलं बाकडं थोरल्या बंधूंनी अंगणात लिंबाखाली टाकून घेतलं आहे. संध्याकाळी ते त्यावर चहा पितात. पट्टा लावत नाहीत.