शाकाहार : दयाधर्म आणि देहधर्म

॥ श्री ॥

देवदर्शन आटोपून भाविक महाप्रसादाच्या पंगतीस बसतो, तेव्हा यात्रेचे पुण्य खऱ्या अर्थाने पूर्ण झाले अशी आपल्या वऱ्हाडची श्रद्धा आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचे वरण आणि वर तुपाची धार एवढ्या साध्या सामग्रीवर येथील गावोगावचे भंडारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसास, तुझ्या घरच्या चुलीवर काय शिजते, असे कोणी विचारीत नाही. सर्वांच्या पानात एकच अन्न पडते आणि एकच नामघोष होतो.

परंतु मंडपाबाहेर आल्यावर मात्र हाच प्रश्न अनेक रूपांनी उभा राहतो. देवापुढे सात्त्विक अन्नच का? शाकाहाराने शरीर खरोखर निरोगी राहते काय? आणि ज्याने गळ्यात माळ घातली, त्याने न घातलेल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? या तिन्ही प्रश्नांचा विचार एकत्र केल्यावाचून आहारधर्माचे मर्म हाती येत नाही.

शेंडगावच्या सुपुत्राची शिकवण

या विचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव या लहानशा खेड्यात दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले आणि बालक देबू आईसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी वाढला. गुरे राखणे, शेत कसणे हेच त्याचे शिक्षण.

देबूजींचा विवाह झाला, घरी पहिली कन्या जन्मली आणि बारशाचा दिवस ठरला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे अशा प्रसंगी जातभाईंना मद्य आणि मांस यांची पंगत देणे हे यजमानाचे कर्तव्यच मानले जाई. त्यासाठी घरात पैसा नसला तर सावकाराच्या दारी जावे लागे. देबूजींनी ही रूढी मोडली आणि पंगतीला गोड जेवण वाढले. जमलेल्यांना ते रुचले नाही, त्यांनी रोष धरला. परंतु देबूजी मागे हटले नाहीत. ज्या मद्याने पित्याचा संसार बुडविला, ते कन्येच्या बारशाला आणावयाचे नाही आणि आपल्या घरच्या आनंदासाठी मुक्या जिवाचा प्राण घ्यावयाचा नाही, असा दुहेरी निश्चय त्या एका पंगतीत होता.

१९०५ साली गृहत्याग केल्यानंतर बाबा हाती खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, हा त्यांचा नित्यक्रम. नवसापोटी कोंबडी-बकरी कापू नका, सणासाठी कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, लेकरांना शाळेत घाला हे उपदेश ते एका श्वासात करीत. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बाबांचा शाकाहार हा सोवळ्याओवळ्यातून आलेला नव्हता. ते कोणत्याही जातीच्या घरची भाकर त्याच गाडग्यात घेऊन खात. पशूविषयीची दया आणि कर्जाखाली दबलेल्या गरीब माणसाविषयीची कणव ही त्यांच्या ठायी एकच होती.

बहिरमची साक्ष

सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, श्री बहिरमबुवाची यात्रा डिसेंबर-जानेवारीत दीर्घकाळ भरते. पूर्वी तेथे नवसाचे बोकड बळी देण्याची प्रथा होती. गाडगेबाबांनी तेथे कीर्तने केली, लोकांच्या अंतःकरणाला हात घातला आणि देवापुढील रक्त थांबले. आज भाविक बहिरमबुवास लोणी-शेंदूर वाहतात. असे असले तरी यात्रेतील राहुट्यांतून मातीच्या हंडीत शिजणारे मटण आणि त्यासोबतची रोटी यांचीही ख्याती दूरवर आहे आणि त्यासाठी येणारी मंडळीही पुष्कळ आहेत.

हे पाहून कोणी म्हणेल की बाबांचे कार्य अपुरे राहिले. परंतु विचार करता असे दिसते की, देवाच्या नावाने होणारी हिंसा थांबविणे हा धर्माचा विषय होता आणि तो सिद्धीस गेला. माणसाच्या ताटात काय असावे हा त्याच्या विवेकाचा विषय आहे. तेथे कीर्तन चालते, सक्ती चालत नाही. बाबांनी कोणाची हंडी फोडली नाही. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न पेरणे एवढेच ते करीत आणि उत्तर त्याच्यावर सोपवीत.

गीतेतील आहारविवेक

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. आयुष्य, बळ, आरोग्य आणि प्रसन्नता वाढविणारे रसाळ, स्निग्ध अन्न ते सात्त्विक. अति तिखट, अति खारट, दाह करणारे ते राजस. शिळे, रस गेलेले, उष्टे ते तामस. येथे भगवंतांनी केवळ पदार्थाचे नाव घेतले नाही, तर त्याचा गुण आणि परिणाम सांगितला. म्हणून वनस्पती तुपात पुन्हा पुन्हा तळलेली भजी, साखरेच्या पाकात बुडालेली मिठाई किंवा घसा जाळणारा रस्सा यांत मांसाचा लवलेश नसला, तरी तेवढ्याने ते अन्न सात्त्विक ठरत नाही. याच अध्यायात, शरीरातील भूतसमुदायास शास्त्राविरुद्ध क्लेश देणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. देहाची हेळसांड म्हणजे वैराग्य नव्हे, हा त्याचा अर्थ.

शरीरास होणारा लाभ

आधुनिक वैद्यकाने या विषयात बरेच संशोधन केले आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ४८ हजार स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा १८ वर्षे मागोवा घेऊन २०१९ साली निष्कर्ष मांडले. त्यात शाकाहारी लोकांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार मांसाहारी लोकांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु पक्षाघाताचे प्रमाण मात्र शाकाहाऱ्यांत सुमारे २० टक्क्यांनी अधिक दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली प्रक्रिया करून टिकविलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केला. म्हणजे शाकाहाराचे लाभ खरे आहेत. तथापि तो सर्व रोगांवरचा ताईत नव्हे.

वऱ्हाडच्या जुन्या स्वयंपाकात मात्र फार मोठे शहाणपण आहे. ज्वारीच्या प्रथिनात जे न्यून असते ते तुरीच्या वरणाने भरून निघते आणि डाळीतील न्यून ज्वारी भरून काढते. म्हणून भाकर आणि वरण, भाकर आणि झुणका ही जोडी केवळ गरिबीतून आलेली नाही. त्यासोबत जवसाची चटणी, तीळ, अंबाडी किंवा शेवग्याची भाजी आणि ताकाचा पेला असला, म्हणजे ते पूर्णान्न होते.

दडलेली उणीव

सत्यास धरून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ‘ब-१२’ नावाचे जीवनसत्त्व रक्त आणि मज्जातंतू यांच्यासाठी अत्यावश्यक असून ते कोणत्याही धान्यात, भाजीत वा फळात भरवशाने मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी पुरुषांची तपासणी केली असता दर तिघांपैकी सुमारे दोघांत या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. शाकाहारी व्यक्तींत हा धोका अधिक होता. त्याच संस्थेने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांचा जो अभ्यास चालविला, त्यातही अशीच उणीव दिसली. मातेची ही उणीव पुढे बालकाच्या प्रकृतीवर परिणाम करते असे त्यातून दिसून आले.

हातापायांना मुंग्या येणे, जिभेची आग होणे, सतत थकवा, विसराळूपणा ही लक्षणे वयोमानाची समजून अनेकजण अंगावर काढतात. साध्या रक्ततपासणीने उणीव कळते आणि वैद्याच्या सल्ल्याने घेतलेल्या गोळीने वा इंजेक्शनने ती भरून येते. हे औषध सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते, त्यासाठी पशुहत्या करावी लागत नाही. म्हणून माळकऱ्यानेही ते घेण्यास संकोच करू नये.

दुसरी उणीव लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जेवणात लिंबू वा आवळा असला तर धान्य-भाजीतील लोह अंगी लागते आणि जेवणासोबतच्या चहाने ते वाया जाते. परंतु याचे एक कारण स्वयंपाकघरातच आहे. घरची लक्ष्मी सर्वांच्या मागून जेवते आणि तिच्या वाट्यास वरणाचे पाणी उरते. त्यात एकादशी, चतुर्थी, सोमवार यांच्या उपवासाला केवळ साबुदाणा, ज्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. तिच्या ताटात राजगिरा, शेंगदाणे, दूध आणि फळ पडावे, हे पाहणे घरातील पुरुषांचा धर्म होय. जेथे अन्नपूर्णाच अर्धपोटी आहे, तेथील नैवेद्य देवास कसा गोड लागावा?

दुग्धत्यागाचे व्रत

अलीकडे शहरांतून आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील तरुण पिढीतून ‘वीगन’ आहार रुजू लागला आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये या नावाची संस्था स्थापन झाली. पशूपासून मिळणारे दूध, तूप, मधही त्यात वर्ज्य असते. पंचामृताच्या परंपरेत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना हे विचित्र वाटते आणि घरोघरी वाद होतात. परंतु या विचाराच्या मुळाशीही दयाच आहे.

पुढे वर्ध्याजवळील सेवाग्रामास आपले निवासस्थान करणाऱ्या महात्मा गांधींनी दूध काढण्यासाठी गायी-म्हशींवर होणारी क्रूरता पाहून १९१२ साली दुधाचा त्याग केला होता. पुढे गंभीर आजारात देह खंगला, तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि त्या स्वीकाराची टोचणी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केली. व्रत कठोर असावे, पण देहाशी खोटे बोलणारे नसावे, हा त्यातील बोध. दूध सोडणाऱ्या तरुणाने ब-१२ ची गोळी नियमाने घ्यावी आणि वडिलांनी त्याच्या पानात आग्रहाने तूप वाढू नये. दोघांची सोय झाली.

तिरस्कार हाही तामस आहार

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तपाच्या गर्वाने त्याने एका बगळीस क्रोधदृष्टीने दग्ध केले. एका गृहिणीने त्याचा गर्व ओळखला आणि धर्म शिकण्यासाठी त्यास मिथिला नगरीतील एका व्याधाकडे पाठविले. तो व्याध मांसविक्री करीत होता. स्वतः पशू मारीत नव्हता, मांस खात नव्हता, परंतु कुळाचा व्यवसाय करून मातापित्यांची मनोभावे सेवा करीत होता. त्या मांसाच्या दुकानी उभे राहून तपस्व्याने धर्म ऐकला. महर्षी व्यासांनी अहिंसेचा उपदेश व्याधाच्या मुखी घातला, यात फार मोठा संकेत आहे.

२०१४ च्या सरकारी पाहणीनुसार देशातील दर दहा प्रौढ माणसांपैकी सुमारे सात माणसे मांसाहार करतात. तेव्हा आहारावरून माणसाची पवित्रता ठरवू गेल्यास बहुसंख्य बांधव परके होतील. भाड्याने घर देताना, वसतिगृहात पंगत मांडताना, सोयरीक जुळविताना आहाराच्या आडून जातीची चौकशी केली जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. गाडगेबाबांच्या तालुक्यात तरी असे घडू नये. उलट बाजूनेही, माळकऱ्याची थट्टा करणे, त्यास फसवून मांस खाऊ घालणे हा विश्वासघात होय. अन्नाची निंदा करू नये असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. ती आज्ञा दोघांनाही लागू आहे.

शेजारच्या मेळघाटात बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न अनेक वर्षांपासून आहे. ज्या घरात अंडे चालते त्या लेकराने ते खाऊन बाळसे धरले, तर कोणाचाही धर्म बुडत नाही. ज्या घरात चालत नाही, तेथे दूध, डाळ, शेंगदाणे पुरेसे पोहोचविणे हे शाकाहाराची थोरवी गाणाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.

अन्नदात्यांस विनंती

अन्नदानासारखे दान नाही. देवस्थानांच्या अन्नछत्रास साहाय्य करताना दात्यांनी एक विचार अवश्य करावा. केवळ बुंदी, साखर आणि वनस्पती तूप यांसाठी देणगी न देता तूरडाळ, ज्वारी, पालेभाजी, ताक आणि मोसमी फळे यांसाठीही द्यावी. पंगतीस बसणाऱ्यांत अनेक जण मजुरीवरून आलेले, अनेक वृद्ध आणि अनेक लेकुरवाळ्या माता असतात. त्यांच्यासाठी ते दिवसातले एकमेव पोटभर जेवण असू शकते. वरणाचा डाव घट्ट असावा आणि तो पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत तसाच पोहोचावा.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावनजीक गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या कीर्तनाने किती बोकडांचे प्राण वाचले आणि किती संसार कर्जातून सुटले, याची गणती कोणी ठेवली नाही. जो भाविक या क्षेत्रावरून घरी परतताना मुक्या जिवावर दया, स्वतःच्या देहाची काळजी आणि शेजाऱ्याच्या ताटाविषयी आदर एवढी शिदोरी सोबत नेईल, त्याची यात्रा सफळ झाली असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥