घट, समई आणि एलईडीचा उजेड

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात, म्हणजे बंद खोलीत एक छोटे शेतच पेरले जाते. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, भोवती गहू-ज्वारीसारखी सात किंवा नऊ धान्ये, वर रोज एक माळ आणि शेजारी अखंड नंदादीप. घटाच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते आणि माती आपोआप ओली राहते. काशिनाथशास्त्री उपाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’तही नवरात्राच्या विधीत मातीत धान्य पेरणे सांगितले आहे.

मुंबईतल्या दिंडोशीत एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाची टेकडी आहे आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या पुनर्वसनाच्या इमारती. खालच्या मजल्यांवरच्या कित्येक घरांत देव्हाऱ्यापर्यंत ऊन पोचतच नाही. तिथे घटावर झाडांसाठीचा एलईडी दिवा लावावा का, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो, पण तो व्रताच्या हेतूपर्यंत जातो.

आधी समईचा उजेड किती, ते पाहू. एका वातीची ज्योत साधारण मेणबत्तीएवढी धरली, तर फूटभर अंतरावर तिचा उजेड 10 लक्सच्या आसपास भरतो. भर दुपारचे ऊन 1 लाख लक्सच्या घरात असते. गव्हासारख्या भरपूर ऊन लागणाऱ्या पिकाला श्वसनात जळते तेवढे अन्न परत तयार करायलाही सुमारे हजार लक्स लागतात. तेव्हा नंदादीपाने घट वाढत नाही. तो दाण्यात साठलेल्या पिठावर वाढतो आणि नऊ दिवसांना ती शिदोरी पुरते. अंधारातला अंकुर हिरवेपणावर खर्च करत नाही. तो सगळी ताकद उंचीवर लावतो, म्हणून पात फिकट पिवळी, लांब आणि लवचिक येते. शेजारच्या घराचा घट जास्त उंच झाला की त्यांच्यावर देवीची कृपा जास्त, असे बोलले जाते; खरे तर तिथे अंधार जास्त असू शकतो. ज्योतीकडे किंचित कलणारी पातही दिसते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 च्या ग्रंथात गवताच्या कोंबांवरचे असेच प्रयोग नोंदवले. अगदी मंद दिव्याकडेही कोंब वळतो आणि प्रकाश टोकाला जाणवतो, हे त्यांनी दाखवले.

एलईडी लावला तर नेमके हेच बदलते. निळ्या आणि तांबड्या पट्ट्याचा उजेड मिळताच पात हिरवी, आखूड आणि ताठ होते. 20 वॉटचा दिवा रोज 12 तास चालवला तरी नऊ दिवसांत दोन युनिटच्या थोडी वर वीज लागते, त्यामुळे अडचण खर्चाची नाही. कृत्रिम उजेड खोटा म्हणून निषिद्ध, हा आक्षेपही टिकत नाही. कारण पूजेतच ‘यथामिलित उपचार’ मान्य आहेत. मिळेल ते साहित्य भावाने वाहावे, ही मुभा जुनीच आहे.

खरा प्रश्न हा, की घटातून पाहायचे काय असते. शेतकऱ्याच्या घरी घट हा बियाण्याचा कौलही असतो: कोणते धान्य नीट उगवले, कोणते मागे पडले. ही उगवण दाण्याच्या जोमावर, ओलाव्यावर आणि उबेवर ठरते. उजेडाचा तिच्याशी फारसा संबंध नाही. म्हणून दिव्याने कौल बिघडत नाही, पण सुधारतही नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस अदोनिसच्या बागांचा दाखला देतो. ग्रीक सणात कुंड्यांत झटपट उगवणारी रोपे लावत. शहाणा शेतकरी तिथे सणापुरते पेरील, पण ज्या बियाण्याकडून पिकाची अपेक्षा आहे ते योग्य जमिनीत टाकून आठ महिने थांबेल, असा त्याचा मुद्दा. त्याच्या लेखी आठ दिवसांची बाग हलकी ठरते. घटाला मात्र ही तुलना अपुरी पडते, कारण घटाकडून पिकाची अपेक्षाच नसते. दाण्यात मुळात काय आहे तेवढे नऊ दिवस समोर ठेवणे, हे त्याचे काम. त्यावर हजारो लक्स ओतले की व्रत मोडत नाही, पण त्याची परसबाग होते.

ऊन न पोचणाऱ्या जागी ऊब कमी पडेल का, ही गोष्ट निराळी. मुंबईत ऑक्टोबर हिटमध्ये तळघरातले पार्किंगसुद्धा उबदारच असते. गव्हाला त्याहून जास्त ऊब नको. तिथे त्रास बुरशीचा. बंद, दमट जागेत माती पाण्याने थबथबली की दाण्यांवर पांढरी जाळी चढते. घटावर प्लास्टिक झाकू नये आणि हवा खेळती ठेवावी. थंड देशांत, जिथे मराठी कुटुंबे घराच्या तळघरात घट बसवतात, तिथे 15 अंश सेल्सिअसच्या आसपास कोंब उशिरा येतात आणि नऊ दिवसांत घट हवा तसा भरत नाही. तिथे परडी सिमेंटच्या फरशीवर न ठेवता खाली थर्मोकोलचा जाड तुकडा आणि वर लाकडी पाट घ्यावा. थर्मोकोल ऊब निर्माण करत नाही, खालून निघून जाणारी अडवतो, म्हणून खोलीत थोडी तरी ऊब हवी. माती कोमट पाण्याने भिजवणे हा साधा उपाय. थर्मोकोल पेट घेतो. तेव्हा तो परडीपुरताच ठेवावा, भिंतीला किंवा समईजवळ लावू नये. नंदादीप काचेच्या झाकणात, पडद्यापासून दूर.

दसऱ्याला घट हलवतात आणि ते धान देवीला वाहून टोपीत, फेट्यात खोवतात. ज्यांना ती रोपे पुढे कुंडीत वाढवायची असतील त्यांनी दिवा तेव्हा लावावा. पिवळी पात उजेडात आली की काही तासांतच हिरवी होऊ लागते. एकदम कडक ऊन मात्र देऊ नये, पहिले दोन-तीन दिवस खिडकीतला किंवा एलईडीचा उजेड पुरे.