शोध लागला की लावला?

क्ष-किरणांचा शोध लागला आणि टेलिफोनचाही शोध लागला, असे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. इंग्रजीत मात्र येथे 'डिस्कव्हरी' आणि 'इन्व्हेन्शन' असे दोन निरनिराळे शब्द आहेत. सृष्टीत जे आधीच होते ते सापडणे ही पहिली गोष्ट. जे नव्हते ते बुद्धीने घडवणे ही दुसरी. आपण दोहोंना 'शोध' म्हणतो. हे आपल्या भाषेचे दारिद्र्य, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही.

कारण प्रश्न केवळ शब्दांचा नाही. शोधावर मालकी कोणाची, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. १९२२ पूर्वी एखाद्या मुलाला मधुमेह झाला, तर त्याला अर्धपोटी ठेवून मरण थोडे लांबवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. १९२१ साली टोरोंटो येथे मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. पुढे कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये तो एका १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला आणि मुलगा सावरला.

आता हे इन्सुलिन सापडले म्हणावे की घडवले? ते देहात होतेच. ते शुद्ध रूपात काढण्याची रीत तेवढी माणसाची. विहीर खणणाऱ्याचे श्रम त्याचे खरे, पण झरा काही त्याने निर्माण केलेला नसतो.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले पेटंट १९२३ साली प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाच्या हवाली केले. मग मुळात पेटंट घेतलेच कशाला? दुसऱ्या कोणी ते घेऊन या विहिरीला कुलूप लावू नये म्हणून! 'पेटंट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'उघडे' असाच आहे. संशोधकाने आपली रीत जगापुढे उघड करावी आणि त्याबदली राज्याने त्याला ठरावीक मुदतीचा हक्क द्यावा, असा हा करार आहे. आपल्या देशात ही मुदत २० वर्षांची आहे.

यावर कोणी म्हणेल, एका औषधामागे कितीतरी प्रयोग फसतात, अमाप पैसा जातो. मोबदला नसेल तर संशोधन करील कोण? हे म्हणणे खोटे नाही. श्रमणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. पण मजुरी घेणे वेगळे आणि तहानलेल्याला अडवणे वेगळे. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाला महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये पडत. २०१२ साली भारताच्या पेटंट नियंत्रकांनी दुसऱ्या एका कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आणली. मूळ कंपनीला या विक्रीतला हिस्साही ठरवून दिला. मजुरी बुडाली नाही, आणि पाणीही मोकळे झाले.

शोध 'लावला' म्हणताना माणसाचे श्रम आठवतात. 'लागला' म्हणताना त्याला जे आयते मिळाले ते आठवते. वाचकहो, या दोन्हींचे स्मरण ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते. त्या एका डॉलरला शंभर वर्षे उलटून गेली, तरी जगात कितीतरी घरांत इन्सुलिनची पुढची बाटली कशी आणायची, ही चिंता आजही आहे.