वारा आणि पाया

शास्त्रपाठ : मत्तय ७:२४-२७



सन २०२१ चा वैशाख कोकणपट्टी विसरणार नाहीं. झाडांवर हापूस अजून उतरावयाचा होता, आणि अरबी समुद्रांत तौक्ते नांवाचें चक्रीवादळ उठलें. गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकत येऊन त्यानें मे महिन्याच्या १६ तारखेस सिंधुदुर्ग व रत्नागिरी यांस झोडपलें. १७ तारखेस तें मुंबईजवळून गेलें, आणि त्याच रात्रीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलें. कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशीं ११४ किलोमीटर भरला. किनाऱ्यावर होड्या फुटल्या. सह्याद्रीच्या उतरणीवरील वाड्यांतहि कौलें उडालीं, झाडें उन्मळलीं, आणि विजेचे खांब पडून कित्येक गांवें अंधारांत राहिलीं.

अशा प्रसंगानंतर ज्याचें छप्पर राहिलें तो म्हणतो, “देवानें मला राखिलें.” हें उपकारस्मरण योग्यच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा एक विचार मनांत हळूच शिरतो : शेजाऱ्याचें छप्पर गेलें, तर त्याच्या पदरीं कांहीं पाप असेल. बंधूंनो, ह्या विचारापासून सावध राहा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, हा प्रश्न प्रभूनें स्वतःच काढला, आणि स्वतःच त्याचें उत्तर ‘नाहीं’ असें दिलें.

आपल्या शास्त्रपाठांतहि पाहा. घरें दोन, परंतु पाऊस तोच, पूर तोच, वाराहि तोच. शहाण्याच्या घराला वारा लागलाच नाहीं, असें प्रभु सांगत नाहीं. भेद आहे तो पायाचा. आणि पाया म्हणजे ऐकून त्याप्रमाणें करणें.

हें दर्यावर्दी माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. तौक्ते येण्याआधींच हवामान खात्यानें इशारा दिला होता, मच्छीमारांस परत बोलाविलें होतें. इशारा कानीं पडणें निराळें, आणि जाळें आवरून होडी बंदरास आणणें निराळें. ऐकूनहि जो खोल समुद्रांत राहील, त्यास त्या ऐकण्याचा काय लाभ? दर रविवारीं उपदेश ऐकून आठवडाभर जुन्याच वाटेनें चालणारा ह्याहून शहाणा आहे काय?

तर मग करावें काय? ज्याचें घर राहिलें त्यानें शिडी, दोर व कोयता घेऊन प्रथम शेजाऱ्याकडे जावें. तो कोणत्या देवाचें नांव घेतो, हें विचारूं नये. आणि एका दिवसाच्या मदतीनें आपलें कर्तव्य संपलें, असेंहि मानूं नये. पडलेल्या आंब्याच्या जागीं नवें कलम लाविलें, तर त्याचें उत्पन्न हातीं येण्यास कांहीं वर्षें लागतात. तितकीं वर्षें त्या घराची आठवण मंडळीनें ठेवावी.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस विशेष विनंति. उघड्या पडलेल्या घरांत जाऊन पापाच्या शिक्षेवर बोलूं नका. आधीं कौलें चढवा. मग ते विचारतील तर ख्रिस्ताविषयीं बोला.

ज्याच्या शब्दानें गालीलचा समुद्र शांत झाला, तो प्रभु आपणांस ऐकण्याचे कान व करण्याचे हात देवो. आमेन.