वेदनेचे माप कोणी धरावे?



गेल्या माघ महिन्यात एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनसेवेचा योग आला. पाचव्या रात्रीची गोष्ट. दोन ते चारच्या पहाऱ्याला वीणा एका तरुणाच्या गळ्यात होती. मुलगा गावचाच, पण शिकायला पुण्यास, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. गळ्यात तुळशीची माळ, घरी तीन पिढ्यांची वारी. मला झोप येईना म्हणून मी मंडपात जाऊन बसलो. पाहतो तो, ऐन थंडीत त्याच्या कपाळावर घाम आणि पाय थरथरताहेत. अर्ध्या तासात त्याने शेजारच्या एका वृद्ध माळकऱ्यास खूण केली, वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पाया पडला आणि मंडपामागे जाऊन खिशातले काहीतरी तोंडात टाकले.

सकाळी काकडा झाल्यावर तो आपण होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "महाराज, तुम्ही रात्री पाहिलंत. आता तुम्हीच सांगा, माझी माळ राहिली का तुटली?"

त्याची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, तेव्हापासून कंबर दुखते. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या, व्यायाम आणि पुन्हा दाखवायला या, असे सांगितले. गोळ्यांनी बरे वाटले. व्यायाम राहिला, पुन्हा दाखवायला जाणेही राहिले. गोळी मात्र राहिली नाही. ती एका मित्राच्या ओळखीने मिळू लागली. दिवसाला एक होती, तिच्या तीन झाल्या. ती चुकली की जांभया, घाम, पोटात कळा, जिवाची तगमग, आणि कंबर पहिल्यापेक्षा अधिक दुखते. वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढले आहे. परीक्षा तीन महिन्यांवर. "मी मजेसाठी घेत नाही, महाराज. बसून अभ्यास करता यावा म्हणून घेतो. परीक्षा झाली की सोडीन. मग हे व्यसन कसं?"

प्रश्न खरा आहे, आणि असा प्रश्न पडलेली मुले आज पुष्कळ आहेत. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम एक भ्रम दूर सारला पाहिजे. आपल्यात काही जण म्हणतात, दुखणे हे प्रारब्ध, ते भोगूनच संपवावे, गोळी कशाला? हे मत मला मान्य नाही. देह हे साधन आहे. वीणेची तार सैल झाली तर आपण ती पिळतो. तिचे प्रारब्ध म्हणून बेसूर वाजवीत नाही. वारीच्या वाटेवर दिवेघाट चढून आलेल्या वारकऱ्याचे पाय सुजतात, तेव्हा सेवेकरी डॉक्टर त्यास गोळी देतात. त्याने कोणाची वारी बाटत नाही. मोटारसायकलवरून पडणे हे प्रारब्ध असेल. पण नंतर दोन वर्षे लपविणे हे प्रारब्ध नव्हे, ते क्रियमाण आहे, आणि क्रियमाण आपल्या हाती असते.

आता त्या मुलाचा पूर्वपक्ष घेऊ. तो म्हणतो, सुखासाठी घेतो ते व्यसन. मी दुःख टाळण्यासाठी घेतो. ऐकायला हे चोख वाटते. पण शरीर हेतू विचारीत नाही. तो घेतो त्या गोळीचे नाव ट्रॅमाडॉल. वेदनेवर ती पुष्कळशी अफूच्या वाटेनेच काम करते. २०१८ साली सरकारने ती गुंगीच्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आणली, ती उगाच नव्हे. अशा औषधाची शरीराला सवय होते: तितक्याच मात्रेने तितका आराम पडेनासा होतो म्हणून मात्रा वाढते, आणि मात्रा चुकली की शरीर बंड करते. मग ती तगमग शमविण्यासाठी गोळी घ्यावी लागते आणि मनुष्य समजतो की आपण कंबरेसाठी घेतो आहोत. कंबर किती दुखते आणि गोळीवाचून किती दुखते, हा भेद त्याचा त्यालाच कळेनासा होतो. साध्या गोळ्यांतही हा फसवा खेळ आहे. डोकेदुखीवरची साधी गोळी महिन्यातले पंधरा दिवस किंवा अधिक, अशी महिनोन्महिने घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगतो. शरीराला सवय होणे हा नीतीचा अपराध नव्हे. कर्करोगाच्या रोग्यास डॉक्टर मॉर्फिन देतात. त्याच्याही शरीरास सवय होते. त्यास कोणी व्यसनी म्हणेल काय? अशा रोग्यांना ते औषध सुलभ व्हावे म्हणून तर २०१४ साली त्याच कायद्यात दुरुस्ती झाली. औषध त्याच जातीचे. मग भेद कशात? तेथे मात्रा ठरविणारा एक आणि घेणारा दुसरा आहे. आमच्या या मुलाच्या बाबतीत दुखणेकरीही तोच, वैद्यही तोच आणि न्यायाधीशही तोच. सावकाराने आपल्याच हाताने आपलेच माप धरावे, तसे हे झाले. तो लबाड असतोच असे नाही. पण गरज त्याचा हात खाली ओढते.

चरकसंहितेत प्रज्ञापराध असा एक शब्द आहे. धी, धृती आणि स्मृती ही तीन ढळली म्हणजे मनुष्याच्या हातून जे अहिताचे कर्म घडते, त्याला तेथे प्रज्ञापराध म्हटले आहे. पाठशाळेत असताना मी तो शब्द घोकला. अर्थ त्या मुलाकडे पाहून समजला. अपाय करणारे ते उपकारी वाटू लागले, ही धी ढळली. आज एकच घेईन असे सकाळी म्हणतो आणि रात्री तिसरी घेतो, ही धृती ढळली. गेल्या परीक्षेच्या वेळीही "परीक्षा झाली की सोडीन" असे म्हटले होते हे तो विसरला, ही स्मृती ढळली. मी त्यास विचारले, "बाळ, गेल्या परीक्षेनंतर किती दिवस सोडलीस?" तो खाली पाहू लागला. म्हणाला, "दोन दिवस."

त्याचा दुसरा मुद्दा कर्तव्याचा. वडिलांचे कर्ज, पदवी, घरची आशा. हा मुद्दा मी हलका मानीत नाही. ज्याच्या बापाने जमीन गहाण टाकली त्यास "विश्रांती घे" म्हणणे सोपे, पण विश्रांतीचे व्याज कोण भरणार? तरी तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहू. एका पारड्यात एक परीक्षा आहे. ती चुकली तर पुन्हा येते. मुले ज्यास एटीकेटी म्हणतात ती वाट आहे, आणि तिने जाऊन पुष्कळ जण पार पडले आहेत. दुसऱ्या पारड्यात जे आहे ते परीक्षेबरोबर संपत नाही. वारीला मुक्काम असतो. आषाढी एकादशीला पंढरी येते, घाटातली गोळी तेथे सुटते. या गोळीचा मुक्काम कोणता? ज्या औषधाला शेवटचा दिवस ठरलेला नाही, ते घेताना भ्यावे. वर या जातीच्या गोळीची मात्रा वाढली तर झटके येऊ शकतात, आणि तिच्या जोडीला दारू किंवा झोपेची गोळी पडली तर श्वास मंदावून प्राणावर बेततो. पदवी ज्याच्यासाठी, तोच नाहीसा व्हायचा.

हे सांगण्याचा अधिकार मला आहे काय? माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका चातुर्मासात माझा गुडघा फार धरला होता. दोन दोन तास उभे राहून कीर्तन करायचे. दुकानातून गोळ्या आणून रोज घेत असे. घरात कोणास बोललो नाही. कीर्तनकार लंगडला तर लोक काय म्हणतील, ही लाज. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, चक्कर येऊन पडलो, तेव्हा कळले की जठरात व्रण होऊन आतून रक्त जात होते. ती गोळी अफूच्या जातीची नव्हती, तिची सवय लागत नाही. पण दोष तोच होता: माप माझ्याच हाती होते आणि मी ते अंधारात धरले होते. व्यासपीठावरून वैराग्य सांगत होतो आणि खिशात पुडी लपवीत होतो. त्या मुलात मी मलाच पाहिले.

म्हणून मी त्यास म्हणालो, "माळ गोळीने तुटत नाही रे. पण लपवाछपवीने तिची गाठ सैल होते. गोळी घेतलीस ती आईसमोर घेऊ शकतोस का? किती घेतोस ते डॉक्टरांना खरे सांगू शकतोस का? सांगता येत असेल तर ते औषध. सांगता येत नसेल तर विचार कर."

तो म्हणाला, "मग आजपासून टाकतो. शपथ घेतो."

मी त्याचा हात धरला. शपथेची घाई नको. अशी गोळी एकदम टाकली तर शरीर पिसाळते, आणि दोन दिवसांत मनुष्य शपथ मोडून दुप्पट घेतो. मग दुखण्यावर पापाची भावना चढते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते. डॉक्टरांना खरी संख्या सांगायची, मित्राकडची वाटही सांगायची. पाकीट आपल्यापाशी न ठेवता घरच्या एकापाशी द्यायचे. राहिलेला व्यायाम पुन्हा धरायचा, कारण कंबर खरोखर दुखते आहे आणि तिचा उपाय झालाच पाहिजे. आणि बळ अपुरे पडले तर आधार आहे: पुण्यात १९८६ सालापासून मुक्तांगणचे काम चालू आहे, आणि सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे. तेथे जाणे म्हणजे आपण वाया गेलो असे नव्हे.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण महाराज, वडिलांना कसं सांगू?"

मी मंडपाकडे बोट दाखविले. वीणा वाजत होती. "सात दिवस ही वीणा खाली ठेवीत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण एकाच्याच गळ्यातही ठेवीत नाहीत. काल रात्री तुझे पाय थरथरले तेव्हा तू काय केलेस? खूण केलीस. त्या म्हाताऱ्याने 'का रे?' असे विचारले नाही, वीणा घेतली. तुझी लाज गेली का? सप्ताह मोडला का? तू दोन वर्षे दुखण्याचा पहारा एकटा देतो आहेस. बापाला खूण कर."

वाचकहो, जनाबाईच्या जात्याला प्रत्यक्ष देवाने हात लावला, ही कथा आपण प्रेमाने सांगतो. पण जनाबाईने खुंटा सोडून थोडी जागा केली, म्हणून देवाचा हात तेथे बसला. सोसणे मोठे खरे. पण आपले सोसणे दुसऱ्यास दिसू देणे याला त्याहून अधिक धैर्य लागते. आणि आपणही ध्यानात ठेवावे की घरातल्या मुलाने खूण केली तर प्रथम वीणा घ्यावी, प्रश्न मागून विचारावे. आपल्या रागाच्या भयाने किती पुड्या किती खिशांत दडल्या आहेत, ते पांडुरंग जाणे.

त्या दिवशी दुपारी पितापुत्र पाराशी बसलेले मी लांबून पाहिले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. पुढे कळले की दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले. मुलाचे दोन विषय राहिले आहेत आणि गोळी एकावर आली आहे. तो अजून वाटेवर आहे, पण आता दिंडीत आहे.

रामकृष्णहरि.